महासाथ, दंतोपचार आणि स्वमग्न रुग्ण

दाढ दुखू लागली की आपण काय करतो? गाल दाबून धरतो, लवंगेचे तेल लावतो, घरच्यांना सांगतो आणि दुखणे असह्य झाले की दंतवैद्याकडे जातो. कोणती दाढ, किती दिवसांपासून, थंडाने ठणकते की गरमाने, या प्रश्नांची उत्तरे देतो आणि मग 'आ' करून बसतो. या साध्या क्रमात आपण बऱ्याच गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. दुखणे नेमके कुठे आहे हे कळणे, ते शब्दांत सांगता येणे, अनोळखी माणसाने तोंडात हात घातलेला चालणे आणि तिथला आवाज, प्रकाश, वास सहन होणे, या त्या गोष्टी होत.

स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत यांतील एक किंवा अनेक गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही, ते दाढ दुखत असताना स्वतःच्या जबड्यावर बुक्क्या मारून घेते, आवडता पदार्थही दूर सारते, रात्रभर जागे राहते. पुष्कळदा या वागण्याला हट्ट किंवा स्वमग्नतेचेच लक्षण समजले जाते आणि खरे कारण तोंडातच राहून जाते.

सन २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ आली आणि जगभर दंतवैद्यांची दारे एकाएकी बंद झाली. त्या काळात या रुग्णांचे काय झाले? त्यातून कोणते उपाय पुढे आले? आणि ते साथीपुरतेच आहेत की कायमचे उपयोगी आहेत? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करू.

स्वमग्नता आणि दंतवैद्याची खुर्ची

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली अमेरिकेत केले. त्यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. स्वमग्नता हा मेंदूच्या विकासातील जन्मजात वेगळेपणा आहे. तो संसर्गजन्य नाही आणि आईवडिलांच्या वागण्यामुळेही येत नाही. इतरांशी संवाद साधण्यातील अडचणी आणि ठरावीक क्रमाची, त्याच त्या कृतींची ओढ ही त्याची दोन मुख्य लक्षणे. २०१३ साली अमेरिकेतील मनोविकारांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना मिळणाऱ्या तीव्र किंवा मंद प्रतिसादाचाही लक्षणांत समावेश झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

दंतवैद्याच्या खोलीतील अनुभवांची यादी करून पाहा. डोळ्यांवर येणारा झगझगीत दिवा, औषधांचा उग्र वास, रबरी हातमोज्यांचा स्पर्श, मागे कलंडणारी खुर्ची आणि या सर्वांवर ताण करणारा मशीनचा कर्कश आवाज. हा आवाज येतो तरी कुठून? दात कोरण्याचे आधुनिक मशीन दाबाखालच्या हवेने फिरते आणि मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. मिनिटाला ३,६०,००० फेरे धरले तर सेकंदाला ६००० फेरे होतात. म्हणजे साधारण ६००० हर्ट्झची तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते. मानवी कान सुमारे २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनक्षम असतो, आणि ही शिट्टी त्या पट्ट्याच्या अगदी जवळची आहे. शिवाय ती हवेतून येते तशीच दातातून आणि कवटीच्या हाडातूनही कानापर्यंत पोचते. आपल्याला ती नकोशी वाटते. पण ज्याच्या मेंदूला असे आवाज बाजूला सारता येत नाहीत, त्याला ती वेदनेइतकीच असह्य होऊ शकते. असा रुग्ण खुर्चीतून उठून पळतो तेव्हा तो बेशिस्त वागत नसतो, तो स्वतःचा बचाव करत असतो.

तुषारांचे गणित

आता महासाथीकडे वळू. दंतवैद्यांची दारेच एवढ्या तातडीने का बंद झाली? याचे कारणही त्याच मशीनमध्ये आहे.

इतक्या वेगाने फिरणारे टोक दातावर घासले की उष्णता निर्माण होते. झॅक आणि कोहेन या संशोधकांनी १९६५ साली माकडांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की दाताच्या आतील मगजाचे तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढले तरी काही दातांतील मगज मरतो. म्हणून मशीनच्या टोकावर पाण्याचा फवारा सतत सोडावा लागतो. या पाण्यात रुग्णाची लाळ मिसळते आणि फिरत्या टोकामुळे त्याचे बारीक तुषार खोलीभर उडतात. ध्वनिकंपनांनी दात साफ करण्याच्या यंत्राचेही असेच होते.

हे तुषार खाली बसायला किती वेळ लागतो, हे त्यांच्या आकारावर अवलंबून असते. हवेतून पडणाऱ्या बारीक गोलकाचा अंतिम वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. १०० मायक्रोमीटर व्यासाचा थेंब दीड मीटर उंचीवरून सुमारे ६ सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रोमीटरच्या थेंबाला सुमारे ८ मिनिटे लागतात. १ मायक्रोमीटरचा कण मात्र निश्चल हवेत सुमारे १२ तास तरंगत राहील. त्यातही थेंबातील पाणी वाटेतच उडून जाते आणि तो आणखी हलका होतो. कोविडचा विषाणू जेमतेम ०.१ मायक्रोमीटरचा असल्यामुळे अशा कणात त्याला भरपूर जागा असते.

तरंगणारे कण घालवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे खोलीतील हवा बदलणे. ताजी हवा खोलीत नीट मिसळते असे धरले, तर कणांची संख्या घातांकी नियमाने घटते. ९९ टक्के कण जाण्यासाठी लागणारा वेळ (तासांत) काढायचा, तर ४.६ या संख्येला दर तासाला हवा किती वेळा बदलते त्या संख्येने भागावे. ४.६ ही १०० ची नैसर्गिक घातगणक संख्या आहे. तासाला २ वेळा हवा बदलत असेल तर १३८ मिनिटे, ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटे आणि १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटे लागतात. दोन रुग्णांच्या मध्ये खोली एवढा वेळ रिकामी ठेवायची म्हटल्यावर दिवसाकाठी किती रुग्ण तपासून होणार, याची कल्पना सहज येईल.

बंद दारांपुढचे रुग्ण

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. २५ मार्चला भारतात देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये नेहमीचे सर्व दंतोपचार थांबवण्याची सूचना निघाली. तिथे दवाखाने पुन्हा उघडू लागले ते ८ जूनपासून. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे महिन्यात दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निकडीचे नसलेले उपचार पुढे ढकलावेत, असा त्यांचा रोख होता.

इतरांची एखादी तपासणी चुकली. स्वमग्न रुग्णांचे नुकसान याहून मोठे होते, आणि त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे सवय मोडणे. अशा रुग्णाला दंतवैद्याची ओळख हळूहळू करून द्यावी लागते. पहिल्या भेटीत फक्त खोली पाहायची, दुसऱ्या भेटीत खुर्चीत बसायचे, तिसऱ्या भेटीत आरसा तोंडात घेऊ द्यायचा. अनेक महिन्यांच्या अशा मेहनतीवर काही महिन्यांच्या खंडाने पाणी पडते.

दुसरे कारण भूल देऊन होणाऱ्या उपचारांचे. ज्यांना खुर्चीत बसणे मुळीच शक्य नसते, त्यांच्या दातांचे काम रुग्णालयात पूर्ण भूल देऊन केले जाते. साथीत शस्त्रक्रियागृहे आणि भूलतज्ज्ञ अत्यवस्थ रुग्णांसाठी राखून ठेवावे लागले. त्यामुळे आधीच लांब असलेल्या प्रतीक्षायाद्या आणखी लांबल्या. ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, त्यांचा हा एकमेव मार्ग अडला.

तिसरे कारण संरक्षक पोशाखाचे. दवाखाने उघडले तेव्हा आत भेटला तो मुखपट्टी, पारदर्शक ढाल, टोपी आणि सळसळणारा झगा घातलेला, चेहरा नसलेला माणूस. मुखपट्टीमुळे शब्दांतील उच्च कंप्रतेची व्यंजने दबतात आणि बोलणे अस्पष्ट होते. दारातच कपाळावर रोखले जाणारे तापमापक, जंतुनाशकाचा वास, तुषार ओढून घेणाऱ्या नळीचा आणि हवा गाळणाऱ्या यंत्राचा घरघराट या सगळ्याची त्यात भर पडली. उपचाराआधी जंतुनाशक द्रवाने चूळ भरणेही पुष्कळांना जमणारे नव्हते. संसर्ग टाळणारा प्रत्येक उपाय या रुग्णांना दवाखान्यापासून आणखी दूर लोटत होता.

मशीन न लावता उपचार

साथीच्या आणि स्वमग्न रुग्णांच्या गरजा अशा परस्परविरोधी वाटत असतानाच एका ठिकाणी त्या जुळल्या. दंतवैद्यांना तुषार टाळायचे होते आणि या रुग्णांना आवाज व कंपने नको होती. दोन्हींचे मूळ एकच, ते म्हणजे मशीन. साहजिकच मशीन न लावता करता येणाऱ्या उपचारांकडे सर्वांचे लक्ष गेले. हे उपचार साथीत शोधले गेलेले नाहीत. ते आधीपासून उपलब्ध होते.

पहिली पद्धत आहे हाताच्या हत्यारांनी कीड काढून दात भरण्याची. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात, जिथे वीज आणि मशीन दोन्हींची वानवा होती, तिथे ती विकसित झाली. मऊ झालेला, किडलेला भाग लहान चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढतात आणि तिथे ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट भरतात. विल्सन आणि केंट या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ साली जगापुढे मांडलेले हे सिमेंट दाताला रासायनिक बंधाने चिकटते आणि त्यातून फ्लोराइड हळूहळू झिरपत राहते. तसेच, निरोगी भाग कोरावा लागत नसल्याने बहुतेक वेळा बधिर करण्याची सुईही टाळता येते.

दुसरा उपाय आहे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रवाचा. जपानमध्ये १९७० सालापासून तो वापरात आहे. अमेरिकेत त्याला २०१४ साली परवानगी मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. ३८ टक्के तीव्रतेच्या या द्रवाचा थेंब बारीक कुंचल्याने किडीवर सुमारे मिनिटभर लावतात. त्यातील चांदी जंतूंना मारते आणि फ्लोराइड मऊ झालेला भाग कठीण करते. दर सहा महिन्यांनी तो पुन्हा लावल्यास परिणाम अधिक टिकतो. त्याचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. किडलेला भाग कायमचा काळा पडतो. बदल न रुचणाऱ्या रुग्णाला आरशात अचानक काळा दात दिसला तर तो बेचैन होऊ शकतो. म्हणून आधी चित्र दाखवून त्याची आणि पालकांची संमती घेणे आवश्यक ठरते. तसेच कीड मगजापर्यंत पोचून दात ठणकत असेल किंवा पू झाला असेल, तर या द्रवाचा उपयोग होत नाही.

तिसरी पद्धत दुधाच्या दाढांसाठी आहे. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल किडलेली दाढ न कोरताच तिच्यावर पोलादी टोपी घट्ट बसवीत असत. आतील जंतूंना अन्न मिळेनासे झाले की कीड थांबते, हे त्यामागील तत्त्व. या पद्धतीची रीतसर चाचणी स्कॉटलंडमध्ये झाली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर टोपी बसवली आणि दुसरी नेहमीच्या पद्धतीने भरली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत, तपासणी होऊ शकलेल्या ९१ मुलांपैकी टोपीच्या ३ टक्के दाढांत, तर भरलेल्या १६.५ टक्के दाढांत मगज दुखावणे किंवा गळू होणे असा गंभीर बिघाड आढळला. टोपी बसवताना दाब जाणवतो आणि काही दिवस दाढ उंच वाटते. सर्वच स्वमग्न मुलांना हे मानवेल असे नाही. पण ज्याला मानवेल त्याची भूल टळू शकते.

तयारी हाच अर्धा उपचार

साथीने आणखी काही सवयी लावल्या. प्रतीक्षागृहात गर्दी नको म्हणून रुग्णाने बाहेर थांबावे आणि बोलावल्यावर थेट आत यावे असे ठरले. दिवसातील पहिली वेळ जोखमीच्या रुग्णांना दिली जाऊ लागली. भेटीआधी दूरध्वनीवर सविस्तर माहिती घेतली जाऊ लागली आणि भेट शक्य तितकी थोडक्यात आटोपली जाऊ लागली. स्वमग्न व्यक्तींचे पालक या सवलती कितीतरी वर्षे मागत होते. अनोळखी गर्दीत ताटकळणे हाच त्यांच्या मुलांना होणारा पहिला त्रास असतो.

चेहऱ्याच्या प्रश्नावर एक उत्तर पश्चिम आफ्रिकेतून मिळाले. २०१५ साली इबोलाच्या साथीत मेरी बेथ हेफरनन या अमेरिकन कलावतीने लायबेरियातील आरोग्यसेवकांच्या झग्यावर त्यांचे हसरे छायाचित्र चिकटवण्याचा उपक्रम केला होता. कोविडच्या काळात काही रुग्णालयांनी तो पुन्हा सुरू केला. स्वमग्न रुग्णासाठी याच्या पुढचे पाऊल म्हणजे डॉक्टरांची साध्या कपड्यांतील, मुखपट्टीसह आणि पूर्ण पोशाखातील अशी तीन छायाचित्रे आदल्या आठवड्यापासून घरी दाखवणे. मग समोर उभा राहणारा माणूस परका राहत नाही.

चित्रांच्या साहाय्याने तयारी करण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनमध्ये दवाखान्यातील प्रत्येक टप्प्याच्या रंगीत छायाचित्रांची पुस्तिका वापरून लहान स्वमग्न मुलांना दंततपासणीची सवय लावल्याचा अनुभव बाकमन आणि पिलेब्रो यांनी १९९९ साली मांडला होता. खोलीच बदलली तर काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. लॉस एंजेलिसमधील बालरुग्णालयात १६२ स्वमग्न मुलांचे दात दोन प्रकारच्या खोल्यांत आळीपाळीने साफ करण्यात आले. एक खोली नेहमीची होती. दुसरीत दिवे मंद होते, छतावर संथ हलणारी चित्रे व हळू संगीत होते आणि अंगाभोवती सौम्य दाब देणारे वेष्टन होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या खोलीत मुलांवरचा ताण कमी होता. त्वचेच्या विद्युतवाहकतेवरून तो मोजला होता. त्वचेवरील हे मोजमाप बोलता न येणाऱ्या मुलाचीही साक्ष देते.

साथ गेली, गरज राहिली

पुढे दंतवैद्यांच्या खोलीविषयीची भीती बरीचशी ओसरली. जून २०२० मध्ये अमेरिकेतील सुमारे २२०० दंतवैद्यांच्या पाहणीत संसर्गाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघाले. तुषारांतील जंतू मुख्यतः मशीनच्या पाण्यातून येतात आणि लाळेचा वाटा त्यात फारच थोडा असतो, असे २०२१ साली अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. दवाखाने पूर्ववत सुरू झाले, आणि नेमका इथेच एक धोका आहे. साथीपुरत्या म्हणून स्वीकारलेल्या चांगल्या सवयीही साथीबरोबर मागे पडू शकतात. कोविडचा विषाणू टाळण्यासाठी शोधलेली शांतता स्वमग्न रुग्णांना कायमच हवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण शंभर ते सव्वाशे व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. म्हणजे मोठ्या शाळेत अशी काही मुले असणारच. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि आरोग्यसेवा हा त्या कायद्याने मान्य केलेला हक्क आहे.

शाळेत काय करता येईल?

शिक्षक दात भरू शकत नाहीत. पण दवाखान्याबाहेरचे पुष्कळसे काम त्यांच्या आवाक्यात आहे.

वागण्यात अचानक फरक पडला, मूल एकाच बाजूने चावू लागले, हनुवटीवर किंवा जबड्यावर मारून घेऊ लागले, कडक पदार्थ टाळू लागले किंवा कपड्याची बाही सतत चावू लागले, तर सर्वप्रथम तोंडाचा विचार करावा आणि पालकांना तसे सांगावे.

शिकवताना बक्षीस म्हणून गोळ्या-चॉकलेट देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. दिवसातून दहा वेळा एकेक गोळी म्हणजे दातांवर दहा वेळा आम्लाचा मारा. त्याऐवजी आवडते खेळणे, चिकटचित्र किंवा झोक्यावरची दोन मिनिटे देता येतात.

दात घासण्याचे टप्पे चित्रांच्या पट्टीवर लावून शाळेतच सराव घेता येतो. फेस किंवा पुदिन्याची चव सहन होत नसेल तर बिनचवीची, फेस न होणारी, पण फ्लोराइड असलेली पेस्ट सुचवावी. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

'दहा अंक मोजेपर्यंत आ कर' हा खेळ वर्गात सर्वांबरोबर खेळावा. महत्त्वाचे हे की दहा म्हटल्यावर खरोखरच थांबावे. शेवट केव्हा होणार हे ठाऊक असले की सहनशक्ती वाढते, आणि हा विश्वास मूल दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत घेऊन जाते.

शेवटी, दंतवैद्यांसाठी एका पानाची चिठ्ठी तयार करावी. मुलाला कोणता आवाज चालत नाही, काय दाखवल्यावर ते शांत होते, 'थांबा' म्हणण्याची त्याची खूण कोणती, हे तिच्यात असावे. पालकांच्या संमतीने ती भेटीपूर्वीच पोचवावी. ज्याला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही, त्याच्या वतीने ही चिठ्ठी बोलेल. ती लिहिण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.